चोर्ल्याच्या वाटेवरचा खोटा काटा

बेळगावहून गोव्याला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "अनमोडनं की चोर्ल्यानं?" माझ्या धाकट्या मेहुण्याचं उत्तरही ठरलेलं. त्याचा भाजीचा धंदा. संध्याकाळी बेळगावात भरलेली कोबी, गवार, कोथिंबीर उजाडायच्या आत म्हापशाच्या बाजारात उतरली पाहिजे. उशीर झाला की कोथिंबीर मान टाकते आणि तिच्याबरोबर भावही. म्हणून चोर्ला.

त्याची गाडी टाटा ४०७, मॉडेल १९९८ चं. ही जात बाजारात आली १९८६ साली, आणि आजही आपल्या भागात अशा जुन्या गाड्या पोट भरण्यापुरत्या पळताना दिसतात. २०२३ च्या जुलैत मला साखळीला मावशीकडे जायचं होतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, एसटीचं तिकीट कशाला? चला की माझ्याबरोबर." गेलो.

पिरनवाडी, किणये मागं पडलं. जांबोटीनंतर झाडी दाट होत गेली, पाऊस असा की वायपर नुसता हात हलवत होता. खड्ड्यांचं काय सांगावं! डिझेलचा काटा मात्र निवांत अर्ध्यावर उभा. कणकुंबी जवळ आली आणि इंजिननं दोन आचके देऊन जीव सोडला.

मेहुण्यानं उतरून टाकीत काठी घातली. काठी कोरडी.

गावात गाडी बंद पडणं वेगळं आणि इथं रात्री साडेअकराला पडणं वेगळं. मोबाइलला रेंज नाही, मागं भरलेली भाजी. डिझेल गाडीची आणखी एक खोड आहे. टाकी पार रिकामी झाली की पाइपात हवा शिरते, ड्रायव्हर मंडळींच्या भाषेत गाडी 'एअर धरते'. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. पाऊण तासानं गोव्याकडे निघालेल्या दुसऱ्या भाजीच्या गाडीनं पाच लिटरचा कॅन दिला. पैसे घ्यायला तयार नव्हता, बळेच दिले. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसलो. बुडबुडे जाऊन सलग डिझेल येऊ लागलं तेव्हा स्क्रू आवळला. म्हापशाला पोचलो तेव्हा बाजार निम्मा उठला होता. त्या दिवशीची कोथिंबीर अक्षरशः वाटून टाकावी लागली.

गंमत म्हणजे या काट्याची तक्रार जुनीच. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात 'मीटर गेलंय' म्हणून नवा मीटर बसवला होता. पैसे गेले, दुखणं तिथंच.

परतल्यावर ऑटोनगरात एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडे गाडी नेली. त्यानं डॅशबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीटर बदलून काय हुतंय अण्णा? तो बिचारा खालनं सांगतील तेच दाखवणार. आधी टाकीकडं बघूया की," म्हणत गाडीखाली सरकला. मीही वाकलो.

टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, फ्लोट. डिझेल वर-खाली होईल तसा त्याचा दांडा एका तारेच्या वेटोळ्यावर सरकतो, त्यानं विजेला होणारा अडथळा बदलतो आणि काटा हलतो. मीटरपासून टाकीपर्यंत एकच वायर येते. परतीची वाट म्हणजे टाकीचं लोखंड आणि चासी, म्हणजे अर्थिंग.

चाचानं चावी चालू करायला सांगितली आणि टाकीवरची वायर काढली. काटा भरलेल्याच्या टोकाला गेला. तीच वायर क्षणभर चासीला टेकवली, काटा रिकाम्याच्या टोकाला. (काही गाड्यांत हे बरोबर उलटं असतं. कुठल्या टोकाला गेला यापेक्षा टोकाटोकाला गेला हे महत्त्वाचं.) म्हणजे मीटर ठीक, वायरही ठीक, चोर टाकीपाशी. काटा हललाच नसता तर वायर, फ्यूज आणि मग मीटर तपासायचं. उष्णतेचा काटाही सोबत वेडावला असेल तर दोघांना येणाऱ्या विजेतच खोट शोधायची.

मग त्यानं टाकीच्या झाकणापासून चासीला एक सुटी वायर जोडली. अर्ध्यावर अडलेला काटा हळूहळू उतरला आणि काठीनं दाखवलेल्या जागी जाऊन थांबला. पट्ट्यांखालचं रबर आणि वर्षानुवर्षांच्या पावसाचा गंज, यांनी टाकी चासीपासून तोडून टाकली होती. अडथळा वाढला की आमचा काटा वर चढायचा, आणि आम्ही त्याला डिझेल समजायचो! पॉलिश पेपरनं गंज खरवडला, वायर कायमची आवळली, वर ग्रीस फासलं. फ्लोट भोक पडून बुडाला असता तर टाकीचं झाकण उघडावं लागलं असतं, तो खर्च वाचला. पेट्रोलच्या गाडीवर मात्र वायर टेकवायचा हा उद्योग घरी करू नये. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडायला नको.

मेहुण्यानं मग रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतत ६० पर्यंत मजल मारली आणि काचेवर बायकोच्या नेलपॉलिशनं खुणा केल्या. बहिणीची बाटली संपली त्याची बोलणी वेगळी.

पुढच्या खेपेला पुन्हा गेलो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे निघते आणि तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे उतरतो. अशा चढ-उताराच्या मुलखात टाकीतलं डिझेलही कलतं. चढाला काटा एक खूण खाली गेला, सपाटीला परत वर आला. तेवढं हलणं त्यानं करावंच.

घाट उतरून केरीला चहाला थांबलो. नव्या खुणांप्रमाणे टाकीत तीस लिटर होतं. मेहुण्यानं चहा संपवला, सीटमागून काठी काढली आणि टाकीचं झाकण उघडलं.