आज किती, की उद्या पुन्हा?

कोल्हापुरात व्यायाम करणाऱ्या माणसाची ओळख आकड्यानं होते. "किती जोर मारतोस?" हा प्रश्न इथं नाव-गाव विचारल्यासारखा सहज येतो. उत्तर तीन आकडी असेल तर समोरचा मान डोलावतो, दोन आकडी असेल तर "वाढव, वाढव" म्हणतो. वय कुणी विचारत नाही.

हे आमच्या गावाच्या पाण्यातच आहे म्हणा ना. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांत तालमी होत्याच. आता कित्येक तालमींची नावं कुस्तीपेक्षा फुटबॉलमुळे जास्त ऐकू येतात (पाटाकडील, दिलबहार, खंडोबा...), पण तालमीत वाढलेल्या पिढीच्या डोक्यातला हिशेब मातीतलाच राहिला. जोर किती, बैठका किती, रंकाळ्याला फेऱ्या किती. मीही त्याच हिशेबात वाढलो. चौदाव्या वर्षी तालमीत गेलो, विशीत ५०० बैठका मारत होतो. पुढं नोकरी लागली, माती सुटली, पण घरच्या गच्चीवर १०० जोर, २०० बैठका आणि आठवड्यातून चार दिवस रंकाळ्याला दोन फेऱ्या पळत, हा नेम पन्नाशी ओलांडली तरी चालू होता. रंकाळ्याची एक फेरी साडेचार किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे दोन फेऱ्यांचे नऊ.

आज मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि यातलं जवळजवळ काहीच तसं राहिलेलं नाही. ते कसं बदललं आणि बदलताना काय काय मनात आलं, ते लिहावंसं वाटलं.

पडलो नाही, धडपडलो नाही, गाडीनं उडवलं नाही. चौपन्नाव्या वर्षी आधी उजव्या टाचेमागची जाड शीर (डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात, पुस्तकी मराठीत कंडरा) सकाळी उठल्यावर आखडायला लागली. चार पावलं लंगडत टाकली की मोकळी व्हायची. मग चारची दहा झाली, दहाची अंघोळीपर्यंत. त्याच वर्षी डावा खांदा जोर मारताना खाली झोकून वर येण्याच्या वळणावर खुपायला लागला, आणि वर्ष सरता सरता गुडघ्याच्या वाटीमागं पूर्ण बैठकीत कुरकुर सुरू झाली. एकेक करून तिघांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "हे अपघाताचं दुखणं नाही. वापराचं आहे."

वापराचं दुखणं म्हणजे काय, हे समजून घेतल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो लवकर वाढतो, लवकर भरून येतो. कंडरेला रक्त कमी, तिचं काम सरकारी खात्यासारखं सावकाश चालतं. धावताना टाचेच्या या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. असा जोराचा ताण दिला की साधारण दीड दिवस तिथं बांधकामापेक्षा मोडतोड जास्त चालू असते. त्यानंतर बांधकाम पुढं जातं आणि शीर आधीपेक्षा थोडी मजबूत होते. विशीतलं शरीर हा हिशेब कसाही जुळवून घेतं. वय वाढतं तशी दुरुस्ती मंदावते, आणि रोजच्या रोज तोच ताण मिळाला की कालचं काम पुरं होण्याआधीच आजची मोडतोड येऊन पडते. शिल्लक थोडी थोडी साचत जाते. दुखणं एका दिवशी सुरू झालेलं वाटतं, पण त्याची उधारी खूप आधीपासूनची असते.

आता अशा वेळी आमच्याकडं दोनच रस्ते माहीत आहेत. एक, रेटायचं. तेल लावायचं, पट्टा बांधायचा, "गरम झालं की दुखायचं थांबतं" म्हणायचं आणि आकडा पूर्ण करायचा. दुसरा, बंद करायचं. "आता वय झालं" म्हणून एका दिवसात सगळं सोडून द्यायचं.

दुसरा रस्ता मी घरात पाहिलेला आहे, म्हणून त्याची मला जास्त भीती वाटते. आमचे आबा जत्रेच्या मैदानात कुस्त्या केलेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघा सुजला आणि त्यांची तालीम एका दिवसात सुटली. सुटली नाही ती खुराक. दूध, तूप, मटणाचा रस्सा हे पैलवानाचं ताट तसंच वाढलं जात होतं. मेहनत थांबली आणि ताट चालू राहिलं, की शरीराचं काय होतं हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. पोट सुटलं, मांड्या गळाल्या, साखर निघाली. पासष्टीत त्यांना पंगतीतून उठताना शेजारच्याचा हात लागायचा. शेवटची आठ-दहा वर्षं पलंग ते अंगण एवढंच त्यांचं जग. एके काळी ज्यांनी दोघांना खांद्यावर घेऊन तालमीत बैठका मारल्या, त्या माणसाला पलंगावरून उठताना मी पाहिलंय. त्यामुळं डॉक्टरांच्या खोलीत बसलो असताना माझ्या मनात टाच नव्हतीच. आबांचा हात होता, शेजारच्याकडं पुढं केलेला.

मला वाटलं होतं, आता "विश्रांती घ्या" ऐकायला मिळणार. पण फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलटंच सांगितलं. धावणं काही आठवडे थांबवा, पण शिरेला काम द्या. पूर्ण विश्रांती दिली तर दुखणं कमी होईल, शीर मात्र आणखी दुबळी होईल आणि परत सुरू केलं की परत तेच.

यामागची एक गोष्ट मजेशीर आहे. हाकान आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडनमधल्या हाडाच्या डॉक्टरची स्वतःचीच टाच दुखत होती. त्याला शस्त्रक्रिया हवी होती आणि वरिष्ठ करायला तयार नव्हते. म्हणून त्यानं मुद्दाम त्याच टाचेवर ताण द्यायला सुरुवात केली, म्हणजे शीर तुटेल आणि मग करावीच लागेल, असं सांगतात. ती तुटायच्या ऐवजी बरी होत गेली! पुढं १९९८ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५ धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. वर येताना चांगल्या पायानं यायचं. १५ वेळा, तीनदा, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोन वेळा. म्हणजे रोज १८०, आणि हे १२ आठवडे. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. नंतरच्या अभ्यासांत इतकं शंभर नंबरी यश आलं नाही, पण दुबळ्या शिरेला सावकाश, मोजका ताण हेच औषध, ही गोष्ट पक्की झाली.

१८० हा आकडा ऐकून माझ्यातला तालीमवाला सुखावला, हे कबूल करतो. पण बाईंनी लगेच दुसरी गोष्ट सांगितली आणि खरं पाहता सगळा बदल त्या एका वाक्यानं झाला. "व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा." म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल. ते कालच्यासारखंच असेल तर कालचा व्यायाम बरोबर. कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर कालचा जास्त झाला, आज कमी.

सगळा हिशेबच उलटा झाला. आयुष्यभर मेहनतीचं मोजमाप मेहनत करताना व्हायचं - किती मारले, किती घाम गाळला. आता मोजमाप दुसऱ्या दिवशी. 'आज किती?' हा प्रश्न जाऊन 'उद्या पुन्हा येता येईल का?' हा प्रश्न आला.

त्या प्रश्नावर चाळण लावत लावत गेल्या तीन-चार वर्षांत जे उरलं, ते असं. जोर आता गच्चीच्या कठड्याला हात लावून, तिरके, २० चे दोन हप्ते, तेही एक दिवसाआड. खांद्यावर वजन कमी येतं. बैठक पूर्ण खाली नाही. मागं खुर्ची ठेवायची, तिला टेकल्यासारखं करायचं आणि उठायचं, खाली जाताना चार मोजत. गुडघा जितका जास्त मुडपेल तितका वाटीमागचा दाब वाढतो, तो अशानं आवाक्यात राहतो आणि मांडीला काम मिळतंच. टाचेचा पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, हातात वजन घेऊन. धावणं आठवड्यातून दोनच दिवस, एकच फेरी, त्यातही मधे मधे चालत. बाकीचे दिवस झपाझप चालणं. आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं! हसू नका, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांत पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेले आहेत. मी आधीच सराव करून ठेवतोय एवढंच.

हे सगळं लिहायला सोपं आहे. करताना लाज वाटते, हे खरं. रंकाळ्यावर सकाळी नेहमीची तोंडं असतात. "काय मर्दा, आज चालतच?" असं कुणी विचारलं की पहिले काही महिने मी टाचेचा सगळा इतिहास सांगायचो. आता "व्हय, चालतच" एवढंच म्हणतो. काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. पावसाळ्यात आमचा कंपू पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, दोन दिवस, चिखलातून. मी मसाई पठारापर्यंत जातो आणि तिथून माघारी फिरतो. ते पुढं निघून जातात, धुक्यात त्यांचे आवाज थोडा वेळ ऐकू येतात, मग तेही नाही. दर वर्षी ती जागा थोडी टोचते. टोचू दे म्हणतो.

पण एक गोष्ट मला या सगळ्यात उशिरा दिसली आणि तिनं बराच धीर दिला. जी तालीम आम्हाला आकडे शिकवते, तिच्यातच आकडे सोडून दिलेला एक माणूस रोज बसलेला असतो. वस्ताद! गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. २०१८ साली ते गेले. मधली कित्येक दशकं त्यांनी मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवली. लढण्याचा काळ थोडा आणि शिकवण्याचा काळ त्याच्या कितीतरी पट मोठा. लढत थांबली, तालीम थांबली नाही. आमच्याच परंपरेत रेटणं आणि बंद करणं याशिवाय तिसरा रस्ता होता, आणि आम्ही त्याच्याकडं कधी स्वतःसाठी म्हणून पाहिलंच नाही.

वस्ताद करतो काय? हौद्याच्या कडेला बसून बघतो. कोण दमलंय, कुणाचा खांदा आज नीट चालत नाही, कुणाला आणखी जोर द्यायचा आणि कुणाला "आज बास, माती सोड" म्हणायचं. तो म्हणाला की पोरगं ऐकतं, वाद घालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. पैलवानाची ताकद जितकी त्याच्या अंगात, तितकीच त्या कडेच्या नजरेत असते.

पन्नाशीनंतर, मला वाटतं, हे दोन्ही एकाच माणसाला व्हावं लागतं. आपणच हौद्यात आणि आपणच कडेला. आतला पैलवान अजून विशीतलाच असतो, त्याला अजून दहा मारायचे असतात. त्याला झिडकारायचं नाही, त्याच्यामुळंच तर आपण पहाटे उठतो. फक्त कडेच्या म्हाताऱ्याचा शब्द शेवटचा.

टाच आता नव्वद टक्के बरी आहे. उरलेले दहा टक्के राहतील, असं बाई म्हणतात, आणि माझी त्याला हरकत नाही. त्या दहा टक्क्यांमुळंच सकाळचं पहिलं पाऊल मी लक्ष देऊन टाकतो. कुणी अजून विचारतंच, "सध्या किती मारतोस?" सांगतो, वीस-वीस. समोरचा म्हणतो, "वाढव, वाढव." मी हसतो. वीसच आहेत, पण गेल्या वर्षभरात एक आठवडाही चुकलेले नाहीत. पाचशेच्या काळात हे मला कधी जमलं नव्हतं.