मावळांतील दोन घरें

लोणावळ्यास जाऊन आलों असें सांगितलें कीं ऐकणारा प्रथम चिक्कीची चौकशी करतो आणि मग पावसाची. गेल्या श्रावणांत आम्ही घरचीं अकरा माणसें तिकडे गेलों तें मात्र निराळ्याच निमित्तानें. आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या काकूंस ‘बिग बॉस’चें घर पाहावयाचें होतें! डोळ्यांस वाचन झेपेनासें झाल्यापासून टेलिव्हिजन हीच त्यांची पोथी. आणि २०१८ सालीं ही मालिका मराठींत सुरू झाली तेव्हांपासून त्या घरांतील माणसें त्यांच्या लेखीं शेजारचींच. दुसरें कारण कोणी बोलून दाखविलें नाहीं, पण तें सर्वांस ठाऊक होतें. आमचा पेठेंतील वाडा पाडून तेथें मोठी इमारत व्हावयाची आहे. तिघां भावांचे तीन ब्लॉक होणार; काकूंनीं कोणाकडे राहावें हा विषय मात्र कोणी काढीत नव्हतें. सर्वांनीं एका घरांतून निघण्याची ही बहुधा शेवटचीच वेळ.

सकाळच्या लोकलनें निघालों. तळेगांव मागें पडलें आणि दोहीं बाजूंस भाताचीं खाचरें दिसूं लागलीं. आपल्या घरीं शिजणारा इंद्रायणी तांदूळ येथल्याच वडगांवच्या संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं बाहेर पडला, हें मुलांस प्रथमच कळलें. मळवलीस उतरून कार्ल्यास गेलों. काकू दर दहा पायऱ्यांस टेकत होत्या. पण एकवीरेचें दर्शन होतांच त्याच पुढें होऊन आम्हांस लेण्यांत घेऊन गेल्या.

कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. लांबी १२४ फूट. खडकांत कोरलेल्या चैत्यगृहांत भारतांत याहून मोठें दुसरें नाहीं. छताच्या लांकडी कमानी अद्याप मूळच्याच आहेत. हें शैलगृह वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकांतील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीनें सिद्धीस नेलें, आणि तें जंबुद्वीपांत उत्तम होय, असें तेथील शिलालेख सांगतो. खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. मावळांतील घरास परक्यांचा हात लागणें हें आजचें नव्हे तर! शेजारीं भिक्षूंच्या अरुंद कोठड्या. पावसाळ्यांत हिंडूं नये, एके ठिकाणीं राहावें, असा त्यांचा नियम होता. बाहेर सरी कोसळत होत्या, आणि त्या नियमाचें शहाणपण आम्हांस छत्र्यांखालीं पटत होतें.

दुपारीं लोणावळ्यास पोहोंचलों. रिक्षावाला हंसला. “आजी, तें घर २०१९ सालींच मुंबईस गोरेगांवच्या चित्रनगरींत गेलें,” तो म्हणाला. तरी त्यानें एका उंच भिंतीपाशीं नेलें व ‘हेंच तें’ असें सांगितलें. खरें खोटें देव जाणे. भिंत ओली होती, दार बंद होतें, आणि आंत डोकावण्यास फटही नव्हती.

या खेळाचें बीज हॉलंडमधील. जॉन डी मोल यांनीं १९९९ सालीं तो तेथें सुरू केला. अनोळखी माणसें एका घरांत कोंडावयाचीं, बाहेरच्या जगाशीं संबंध तोडावयाचा, भिंतीभिंतींतून कॅमेरे लावावयाचे, आणि मतें घेऊन एकेकास बाहेर काढावयाचें. मूळ नांवाचा अर्थ ‘थोरला भाऊ’. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरींत सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या सत्ताधीशाचें तें नांव आहे. २००६ सालीं हा खेळ हिंदींत आला तो लोणावळ्यासच. पुढें २०१३ सालीं बंगाली व कानडी, २०१७ सालीं तेलुगु, अशीं निरनिराळ्या भाषांतील भांडणें याच गांवीं झालीं. मालिकांचें बीज असें देशोदेशीं फिरतें: १९८४ सालच्या ‘हम लोग’ची कल्पना मेक्सिकोची, तर २००३ सालच्या जस्सीची गोष्ट मूळची कोलंबियाची.

‘थोरला भाऊ’ हा अर्थ मीं सांगितला तेव्हां मुलें दादांकडे पाहून हंसलीं. दादा हंसले नाहींत. मला मात्र सकाळच्या कोठड्या आठवल्या. दोन्हीं घरांत माणसें जगापासून दूर राहिलीं. एकांत कोणी पाहूं नये म्हणून, आणि दुसऱ्यांत सर्वांनीं पाहावें म्हणून. आपलीं एकत्र कुटुंबें या दोहोंच्या मधलीं. तेथें एकांत नाहीं, डोळे पुष्कळ. पण ते डोळे ताप आला कीं रात्रभर जागतातही.

चहाच्या टपरीवर काकू आपण होऊनच बोलल्या. “त्या घरांत भांडण झालें कीं कोणाला तरी काढीत. आपल्याकडे भांडण झालें कीं मी पानें मांडायला घ्यायची. रुसलेलीं माणसेंसुद्धां जेवायला एकाच पंगतीला बसत.” मग कप खालीं ठेवून त्या म्हणाल्या, “आतां तुम्ही तिघे मतें घ्याल. मला बाहेर काढूं नका म्हणजे झालें.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. पावसाचा आवाज तेवढा ऐकूं येत होता. वहिनींनीं काकूंचा पदर सावरला.

परतीची लोकल कामशेत सोडून निघाली तेव्हां दादा काकूंशेजारीं जाऊन बसले. “काकू, मत कसलें घ्यायचें? तुम्ही आमच्याकडेच. पूर्वेच्या खिडकीची खोली तुमची, आणि सणावारीं तिन्हीं घरांचीं पानें तुम्हीच मांडायचीं.”

“आणि टेलिव्हिजन?” काकूंनीं विचारलें.

“तोही तुमच्याच खोलींत,” वहिनी म्हणाल्या.

चिक्की आणावयाची राहिली, हें पुणें स्टेशनावर उतरल्यावर लक्षांत आलें.