वहीतले नंबर

२६ सप्टेंबर २०२१ चा रविवार माझ्या पक्का लक्षात आहे. राजस्थानात शिक्षक पात्रतेची रीट परीक्षा होती आणि कॉपी होऊ नये म्हणून जयपुरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. तिथल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, मी सांभाळत असलेल्या तरुण संघाची सभा तेव्हा मोबाइलवरच भरत असे. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आम्ही लॉकडाऊनमध्ये घरोघरी पडद्यासमोर बसून साजरा केला, तेव्हापासूनची ही रीत. त्या रविवारी पडदा कोराच राहिला.

मी कपाटातून जुनी वही काढली. संघात नवं मूल आलं, की त्याचं नाव, गाव, वाढदिवस आणि घरचा नंबर मी तीत लिहून ठेवत असे. इंटरनेट नव्हतं, पण फोन लागत होते. एकेक नंबर फिरवत गेले. ग्रुपवर दर रविवारी हात जोडल्याची खूण न चुकता टाकणारा एक मुलगा गोपालपुरा बायपासवरच्या आपल्या खोलीत तीन दिवस तापाने पडून होता. कोचिंगसाठी बांसवाड्याहून आलेला, शहरात नातलग कोणी नाही. त्याची खूण वेळच्या वेळी येत होती, म्हणून तो बरा आहे असं मी धरून चालले होते. त्या संध्याकाळी डबा आणि औषध घेऊन आम्ही दोघीजणी त्याच्याकडे गेलो. दार उघडून तो म्हणाला, "दीदी, आपको कैसे पता चला?" त्या प्रश्नाने मला माझं काम नव्याने शिकवलं.

मुलांपर्यंत पोचायला त्या त्या काळाचं साधन हाती घेणं आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना नवं नाही. आमचं घराणं अहमदनगरचं. तिथे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला, आणि त्याच मिशनने पुढे १८७३ मध्ये मुलांसाठी 'बालबोधमेवा' काढला. छापील मासिक हे त्या काळचं तंत्रज्ञानच होतं. त्याआधीच्या कितीतरी शतकांत मंडळ्या पत्रांवर जगल्या. पण योहानाची शेवटची दोन छोटी पत्रं पाहा. लिहायचं पुष्कळ आहे, तरी बाकीचं समोर बसून बोलू, असं सांगून तो थांबतो. शाईची हद्द त्याला ठाऊक होती.

मोबाइलचीही हद्द आता मी आखून घेतली आहे. ग्रुपवर फक्त सभेची वेळ, वचन आणि वाढदिवस. दुःख, आजार, परीक्षेतलं अपयश यांतलं काहीही मुलाच्या परवानगीशिवाय ग्रुपवर जात नाही. प्रार्थनेच्या नावाखालीसुद्धा नाही. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आईवडिलांना आधी सांगायचं, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये दोन मोठी माणसं ठेवायची. रात्री नऊनंतर मी मेसेज पाठवत नाही. पण मुलाचा फोन आला तर कितीही वाजता उचलते. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही, तर जाब विचारत नाही, दुसऱ्या दिवशी आवाजी निरोप पाठवते. नर्सिंगची रात्रपाळी करून आलेल्या मुलीला लांबलचक मजकूर वाचवत नाही, पण बसमध्ये बसल्या बसल्या ती आपल्या माणसाचा आवाज ऐकते.

सगळ्यात मोलाचा ठरतो तो काहीच न मागणारा निरोप. "सभेला का आली नाहीस?" यापेक्षा "आज तुझा अ‍ॅनाटॉमीचा पेपर ना? सकाळी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली," हे मुलांना धरून ठेवतं. त्यासाठी पेपर कधी आहे ते लक्षात ठेवावं लागतं, आणि ते काम अजून माझी वहीच करते.

मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाळक असो, शिक्षक असो की संडे स्कूलची ताई, माझं एकच मागणं आहे. आज रात्री ग्रुपमधल्या नावांवरून एकदा नजर फिरवा. ज्याचा आवाज तुम्ही महिनाभरात ऐकलेला नाही, असं एक नाव निवडा आणि उद्या त्याला फोन करा.