हात सुटलाच कसा?

गेल्या वर्षी मुलाने नवी गाडी घेतली. आमच्या बेळगावात गाडी घ्यायची म्हणजे ते काही एकट्याचं काम नसतं. शोरूमला जाताना मुलगा, सून, मी, हे आणि कडेवरचा चौदा महिन्यांचा नातू अशी अख्खी वरात निघाली. मी मनाशी रंग ठरवूनच गेले होते. यांचा प्रश्न एकच, 'लिटरला किती देते?' तिथला मुलगा छताची काच उघडून आकाश दाखवत होता, मोठ्या पडद्यावर गाणी लावून दाखवत होता. तेवढ्यात सूनबाईंनी विचारलं, "हिला स्टार किती?"

मला हसू आलं. म्हटलं, हॉटेलला स्टार असतात ते ठाऊक होतं, गाडीलाही असतात का?

खरा वाद घरी येऊन झाला. गाडीबरोबर लहान मुलाची वेगळी खुर्ची घ्यायची, मागच्या सीटवर ती पक्की बसवायची आणि नातवाने त्यातच बसायचं, असं सूनबाईंनी जाहीर केलं. मी म्हटलं, "आणि माझी मांडी कशाला आहे?" ती शांतपणे म्हणाली, "आई, मांडी झोपवायला. गाडीत नको."

खोटं कशाला सांगू, मला ते फार लागलं. दोन मुलं मी याच मांडीवर वाढवली. बेळगाव ते कुंभोज, बेळगाव ते श्रवणबेळगोळ, चोर्ला घाटातून गोव्याला, सगळीकडे मुलं मांडीवरच बसून गेली. मांडीहून सुरक्षित जागा असते तरी कुठली? त्या रात्री मी कोणाशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, रागावू नका. फक्त एकदा बघा."

पडद्यावर मोठी लांबलचक खोली. एका टोकाला ॲल्युमिनियमचा अडथळा, मधमाशांच्या पोळ्यासारखा घरं-घरं असलेला. दुसऱ्या टोकाकडून ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी येते आणि त्याला धडकते. तीही सरळ नाही. चालकाच्या बाजूची साधारण ४० टक्के रुंदीच आदळते, कारण समोरून येणारं वाहन चुकवता चुकवता होणाऱ्या अपघातात बहुधा असंच होतं. गाडीत माणसं नसतात, पुतळे असतात. त्यांना डमी म्हणतात. पण आपल्या दुकानातले साडी नेसवलेले पुतळे नव्हेत ते. त्यांच्या डोक्यात, मानेत, छातीत, गुडघ्यात मापनयंत्रं असतात. तोंडाला वेगवेगळे रंग फासलेले असतात, म्हणजे नाक कुठे आपटलं, कपाळ कुठे आपटलं ते नंतर डागांवरून कळतं. फुगलेल्या एअरबॅगवर उमटलेला तो रंग बघून मला पुसलेल्या कुंकवाची आठवण झाली आणि अंगावर काटा आला.

मागच्या सीटवर दोन लहान पुतळे होते. एक दीड वर्षाच्या बाळाएवढा, दुसरा तीन वर्षांच्या मुलाएवढा. दोघंही आपापल्या खुर्चीत बांधलेले. गाडीचं नाक चेंदामेंदा झालं, पण ते दोघं पुढे झुकून परत जागेवर आले.

सूनबाई सांगत गेली तशी मी ऐकत गेले. आपल्या सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनसीएपी' नावाची ही परीक्षा सुरू केली. ती सक्तीची नाही, कंपनीने आपणहून गाडी द्यायची असते. समोरून एक धडक, बाजूने ताशी ५० च्या वेगाने दुसरी, आणि वरचे स्टार हवे असतील तर खांबावरचीही एक. गुण दोन वेगळ्या पानांवर लिहायचे. मोठ्यांच्या संरक्षणाला ३२ पैकी, मुलांच्या संरक्षणाला ४९ पैकी. म्हणजे मोठ्यांत पास झालेली गाडी मुलांत मागे पडू शकते. हे मला नवीनच होतं.

त्याआधी २०१४ साली 'ग्लोबल एनसीएपी' या संस्थेने भारतात भरपूर खपणाऱ्या पाच लहान गाड्या अशाच आपटून पाहिल्या होत्या. एअरबॅग नसलेल्या, सर्वांत स्वस्त प्रकारच्या. मोठ्यांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य! त्यातल्या फोक्सवॅगन पोलोची गंमत अशी, की तीच गाडी दोन एअरबॅग घालून पुन्हा आपटली तेव्हा चार स्टार मिळाले. सांगाडा चांगला होता, फक्त उशी नव्हती. पण काही गाड्यांचा सांगाडाच टिकला नव्हता, तिथे नुसत्या उशीने काय होणार? पुढे २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. या परीक्षेत पाच मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. म्हणजे मनात आणलं तर आपल्याकडेही जमतं.

यांचं म्हणणं वेगळंच. "जुन्या गाड्यांचा पत्रा बघ कसा होता! धडकली तरी साधा पोचा येत नसे. आताच्या गाड्या म्हणजे पापड." सूनबाई हसली. म्हणाली, "बाबा, गाडीचं नाक पापडासारखंच मोडायला हवं. माणसं बसतात ती खोली तेवढी मोडता कामा नये." हे तत्त्व बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने मर्सिडीझसाठी १९५० च्या सुमारास मांडलं. मला ते लगेच पटलं, कारण आपण बायका हेच तर करतो. लोणच्याची चिनी मातीची बरणी गावाकडे पाठवताना भोवती चिंध्या कोंबतो. धक्का चिंध्यांनी खायचा, बरणी शाबूत राहायची. पत्रा मोडला नाही, तर तो धक्का आतल्या माणसाच्या बरगड्यांना बसतो.

मग तिने आणखी एक प्रयोग दाखवला. मोठ्या पुतळ्याच्या मांडीवर लहान पुतळा, धरून ठेवलेला. गाडी थडकली आणि लहान पुतळा असा उडाला, की क्षणभर तो पडद्यावर दिसेनासाच झाला.

मी फोन खाली ठेवला. मला अक्का आठवली.

१९९४ ची गोष्ट. माझी थोरली बहीण अक्का, तिच्या सासरची माणसं, असे सात जण भाड्याच्या गाडीतून कुंभोजच्या बाहुबलीचं दर्शन घेऊन निपाणीला परत येत होते. थंडीचे दिवस, कारखाने चालू, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. अंधार पडला होता. पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. गाडी मागून तिच्यावर गेली. अक्का मागच्या सीटवर होती. मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा झोपलेला, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तो दोन सीटच्या मधून पुढे फेकला गेला.

मूल वाचलं. पण पायाचं हाड नीट जुळलं नाही. भाचा आज तिशीत आहे, निपाणीत खत-बियाण्यांचं दुकान सांभाळतो आणि उजव्या पायाने जरा लंगडतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. अक्काला वाटतं. कारण दवाखान्यात जमलेल्या प्रत्येक बाईने तिला एकच प्रश्न विचारला होता. सासूने विचारला, जावेने विचारला, शेजारणीने विचारला, 'लेकरू हातातनं सुटलंच कसं?' डुलकी लागली होती का? गप्पांत होतीस का? ट्रॉलीवाल्याला कोणी विचारलं नाही की दिवा का नव्हता. गाडीत सात माणसं का कोंबली, हेही नाही. सगळा हिशेब येऊन थांबला तो आईच्या दोन हातांवर.

आणि विचारणाऱ्यांत मीही होते. पंचवीस वर्षांची होते, नुकतंच लग्न झालेलं, मूल नव्हतं. तिच्या प्लास्टर घातलेल्या मनगटाकडे बघत मी म्हटलं होतं, "अक्का, पण हात सुटलाच कसा गं?" तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

हे मी सूनबाईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने लाईटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. गाडीचा वेग ताशी ५० धरा. म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. धडकेनंतर गाडी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. तेवढ्या वेळात बाळालाही थांबवायचं, तर त्याच्या वजनाच्या चौदा पट जोर लागतो. दहा महिन्यांचं बाळ आठ किलोचं. आठ चोक बत्तीस, ऐंशी मिळवले की एकशे बारा. एकशे बारा किलो, डोळ्याची पापणी लवायच्या आत! आणि ताशी ६४ ने आदळणं म्हणजे पाच मजली इमारतीवरून खाली पडणं. "आई, कोणाचाच हात टिकला नसता," ती म्हणाली. "पैलवानाचाही नाही."

आठवडाभराने मी निपाणीला गेले. अक्काला तो प्रयोग दाखवावा की नाही, हे वाटेत शंभरदा ठरवलं आणि मोडलं. जुनी जखम उकरून काढायची कशाला? पण ती जखम कधी भरलीच नव्हती. आजही भाचा जिना चढताना ती मान खाली घालते, हे मी पाहिलेलं आहे.

दुपारी दुकानातच बसलो होतो. फोन तिच्या हातात दिला. तिने पाहिलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत लाव बघू." तीनदा पाहिलं. मी तो एकशे बारा किलोचा हिशेब सांगितला. भाचा वही बाजूला सारून ऐकत होता. तो म्हणाला, "अगं आई, म्हणजे खताच्या दोन पोत्यांहून जास्त. वरनं दोन पोती एकदम टाकली तर झेलशील तू?"

अक्का जेमतेम पाच फूट उंच. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तूसुद्धा विचारली होतीस मला. आठवतंय?"

"आठवतंय अक्का. चुकलं माझं."

"तीस वर्षं रोज रात्री मी ते हात परत आवळते बघ," ती म्हणाली आणि उठून चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. भाचाही काही बोलला नाही, गोण्यांचा हिशेब करत बसला.

मैत्रिणींनो, आपल्याकडे अपघात झाला की दोनच गोष्टी बोलल्या जातात. एकतर 'कर्म', नाहीतर 'बाईचं लक्ष नव्हतं'. कर्म मी मानते. पण कर्माच्या नावावर हयगय खपवावी, असं आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. उलट प्रमाद हेच हिंसेचं मूळ असं लहानपणापासून ऐकत आलो. महाराज विहार करताना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. ताशी ६४ च्या गाडीत चार हात संपायला सेकंदाचा आठवा भागही लागत नाही. तिथे डोळे आणि हात कामाचे नाहीत. तिथे जपणूक घरातून निघण्याआधीच करून ठेवावी लागते.

ती जपणूक फार मोठी नाही. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्हॉल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ साली आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. एवढं मोठं दान, आणि आपण त्यावर सीटकव्हर घालतो! आमच्या आधीच्या गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलुपं कव्हराखाली सात वर्षं दबलेली होती. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असं आपण म्हणतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर. पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती. आणि मूल घेऊन पुढच्या सीटवर तर बसूच नका. एअरबॅग स्फोटासारखी उघडते. समोर कोण आहे, ते तिला कळत नाही.

अजून एक गोष्ट सूनबाईने सांगितली ती मनात घर करून राहिली. चालकाच्या जागेवर बसणारा तो पुतळा पुरुषाच्या मापाचा, ७८ किलोचा. बाईचा म्हणून वापरतात तो बहुतेक त्याचाच लहान केलेला अवतार. सर्वसाधारण बाईच्या अंगाचा, १६२ सेंटीमीटर आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंनी २०२२ मध्ये पुढे आणला. पुरुषाच्या मापाचं पोलकं आपल्याला बसत नाही, मग पट्टा कसा बसेल, हे विचारायलाही शेवटी एक बाईच लागली.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकून मी त्या संध्याकाळी निघाले. अक्का चार दिवस बेळगावला येते म्हणाली. मुलगा न्यायला आला होता. मागे नातवाची खुर्ची. तिच्या शेजारी अक्का बसली. नातू आपल्या पट्ट्यात अडकून पाय हलवत होता. अक्काने त्याला उचलायला सवयीने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले.

थोडा वेळ ती आपल्या खांद्याजवळचा पट्टा ओढून बघत राहिली. मग मला म्हणाली, "हे टोक कुठं अडकवायचं गं? दाखव की."

मी दाखवलं. खट्‌ असा आवाज झाला. मुलाने गाडी सुरू केली.