बोटांना पडलेलं वळण

आमच्या नातवाने यंदा कंट्रोलर बदलला. आमच्या पिढीतले वाचक विचारतील, म्हणजे नक्की काय बदललं? सुरुवातीला मलाही कळलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेम खेळणाऱ्या मंडळींनी पुढचा एक परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

पोरगा पुण्यात शिकतो आणि ‘स्ट्रीट फायटर 6’ हा मारामारीचा गेम स्पर्धांमधून खेळतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, शाळेत असताना जालन्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून असलेच गेम खेळायचे. तेव्हा डाव्या हाताला एक दांडी आणि उजव्या हाताला बटणं असत. नातू वाढला तो पॅडवर. दोन्ही हातांत धरायचा आणि सगळ्या दिशा एकट्या डाव्या अंगठ्याने सांभाळायच्या. आता त्याने एक चपटा डबा आणलाय. त्याला दांडी नाहीच, दिशासुद्धा बटणांवर! डाव्या हाताच्या तीन बोटांखाली डावं, खालचं आणि उजवं अशी तीन बटणं. उडी मारायचं ‘वर’चं बटण मात्र सगळ्यांच्या खाली, अंगठ्याजवळ. या उलट्या कारभाराचं मला फार हसू आलं.

त्याला मात्र हसू येत नव्हतं. डावा अंगठा इतका दुखायला लागला होता की पेला उचलतानाही कळ यायची. डॉक्टरांनी अंगठ्याला विश्रांती द्यायला सांगितली. वडील म्हणाले, "मग खेळच बंद कर." पोरगा तसा अबोल. चारचौघांत ज्या एका गोष्टीमुळे त्याला कुणी ओळखतं ती हीच. म्हणून त्याने साठवलेल्या पैशातून हा डबा घेतला आणि पुढचा दीड महिना तो ओळीने हरत राहिला. ज्यांना सहज लोळवायचा, त्यांच्याकडूनसुद्धा.

मी चिरंजीवांना एक माहिती सांगितली. 2023 साली चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदाच पदकांचा दर्जा मिळाला होता. त्यात याच गेमच्या आधीच्या आवृत्तीत भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघं खेळले होते. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. त्यांचं वय 44! चिरंजीवांपेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान. चिरंजीव गप्प बसले.

नातवाने मला एक डाव समजावून सांगितला. हातातून आगीचा गोळा फेकायचा तर खाली, मग तिरकं, मग पुढे आणि लगेच ठोसा. पॅडवर अंगठा नुसता घसरवला की झालं. बटणांवर आधी खालचं दाबून धरायचं, ते न सोडता उजवं दाबायचं, मग खालचं सोडायचं. पेटीवर एक सूर धरून दुसरा लावावा तसं. समोरचा उडी मारून पलीकडे गेला की डावं-उजवं सगळं उलटं. हा गेम सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने चालतो आणि काही डावांना त्यातली दोन-तीन चित्रं सरकेपर्यंतचाच वेळ मिळतो. विचार करून बोट हलवायला सवड नाही. पंचाईत झाली की अंगठा जुन्या सवयीने दाबला जायचा. आता तिथे उडीचं बटण! गडी विनाकारण हवेत उडायचा आणि मार खायचा.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. ते जुन्या हैदराबाद संस्थानात शिकले. घरात मराठी, पण शाळेचं माध्यम उर्दू आणि कचेरीचं कामही उर्दूत. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षांत हळूहळू दफ्तरात मराठी आली. वीस-बावीस वर्षं उजवीकडून डावीकडे चाललेला हात आता उलट चालवायचा होता. मी पहिलीत असताना रात्री कंदिलाशी माझ्या शेजारी बसून ते बाराखडीचा कित्ता गिरवत. घाई झाली की कागदाच्या उजव्या कडेलाच टाक टेकवत. आकडे तेवढे उर्दूतही डावीकडूनच लिहितात, त्यामुळे हिशेब कधी अडला नाही. शब्द सगळे येत होते, अडत होता तो हात. पहिलीतल्या मला चुकलं तरी फारसं वाटत नसे, कारण बरोबर कसं असतं हेच माहीत नव्हतं. वडिलांना माहीत होतं. नातवालाही माहीत आहे. त्रास होतो तो त्याचाच.

आणि आता माझी पाळी. गेली दोन वर्षं माझा उजवा हात कापतो. फळ्यावरच्या अक्षरासाठी 34 वर्षं नावाजलेला हा माणूस, पण एका बँकेत सही जुळत नाही म्हणून मला तीनदा सही करायला लावली. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाशी बोललो नाही. मग संगणकावर इनस्क्रिप्ट शिकायला घेतलं. तिथे स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तरुणपणी मी टाइपरायटरची मराठी 30 ची परीक्षा दिली होती. त्या यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘किती’ लिहायला गेलो की पडद्यावर नुसती वेलांटी आणि शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. पन्नास वर्षं यंत्राला हात लावला नव्हता, तरी बोटं विसरली नव्हती!

आमच्याकडे शेतकरी सांगतात, जोडीत डावीकडे चालणारा बैल उजवीकडे जुंपला की शहाणं जनावरही बुजतं. त्याला मारून उपयोग नसतो. आधी मोकळ्या रानात, औत न लावता, नुसतं चालवायचं.

तेच आम्ही दोघांनी केलं. त्याला म्हटलं, "पंधरा दिवस सामना खेळायचा नाही. एकच डाव, दोन्ही बाजूंनी, अगदी सावकाश कर. पॅड कपाटात ठेव, रोज दोन्हीला हात लावू नकोस." तो म्हणाला, "आबा, तुम्हीपण वेग मोजू नका. फक्त चुका मोजा." दर रविवारी फोनवर आम्ही आपापल्या चुका सांगायचो. माझ्या पहिल्या आठवड्यात पानाला चाळीस होत्या. जुन्या हाताशी तुलना करायची नाही, मागच्या रविवारशी करायची, एवढंच पथ्य होतं.

गेल्या महिन्यात तो पुण्यातल्या एका छोट्या स्पर्धेत उतरला. दोन सामने जिंकला, मग सलग दोन हरला आणि बाहेर पडला. शेवटच्या सामन्यात घाबरून दोनदा उडी मारली म्हणे. पण अंगठा आता दुखत नाही, पेला नीट उचलतो. चिरंजीव स्वतः बघायला गेले होते. त्यांनी परत येऊन मला त्या डब्याची किंमत विचारली नाही, हेही नसे थोडके.

हा लेख मी चार दिवसांत टाइप केला. ठिपक्यांचं वर्तुळ अकरा वेळा आलं. नातेवाईकांना एक विनंती, पुढच्या स्पर्धेनंतर पोराला फोन केलात तर "जिंकलास का?" असं विचारू नका. अंगठा कसा आहे ते विचारा, बाकीचं तो आपणहून सांगेल.