शिवरंजनीतली खरखर

परवा विठ्ठलवाडीच्या फलाटावर कुणाच्या तरी खिशातला मोबाइल वाजला. रिंगटोन आकाशवाणीच्या संकेतधुनेची, तंबोऱ्यावर व्हायोलिन. गृहस्थांना फोन लवकर सापडेना, धून लांबत गेली आणि मी खरखरीची वाट बघत उभा राहिलो. ती काही आली नाही. अगदी चुकल्यासारखं झालं.

आमची चाळ तिथेच रुळांना खेटून होती. पहाटे आई स्टो पेटवायची आणि अण्णा मर्फी रेडिओचं बटण फिरवायचे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती घुमघुम, मग सहाला पाच कमी असताना ती धून. ती निम्मी होते न होते तोच कल्याणकडे जाणारी लोकल यायची. तेव्हा वरच्या तारांत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह असे. पेंटोग्राफ तारेवर घासून ठिणगी उडाली की मध्यम लहरींवर खर्रर्र! रोज त्याच सुरावर, कारण धूनही वेळेवर आणि गाडीही. एखाद्या दिवशी धून सलग ऐकू आली की अण्णा आंघोळीला जाता जाता थांबायचे, ‘गाडी लेट आहे’ म्हणायचे आणि अर्धा कप चहा जास्त घ्यायचे. चाळीतले इतर लोक खिडकीतून सिग्नल बघत. आमच्याकडे रेडिओ होता. खरखर हा धुनेचाच भाग नाही, हे मला कितीतरी उशिरा कळलं, तेही मामाकडे गिरगावात राहायला गेल्यावर. तिथली धून मला अपुरी वाटली होती.

पुढे पेटी शिकायला गेलो. गुरुजी म्हणाले, ही धून शिवरंजनीतली, आणि शिवरंजनी रात्रीचा राग. मी मान डोलावली. पण माझा शिवरंजनी पहाटेचाच राहिला. वरातीत बँडने ‘बहारों फूल बरसाओ’ धरलं की लोकांना नवरी आठवते, मला रॉकेलचा वास येतो. घासूनपुसून स्वच्छ केलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरही माझा जीव बसत नाही. फार धुतलेल्या सुती कपड्यासारखी ती बुळबुळीत लागतात.

धून वॉल्टर काउफमन यांच्या नावावर आहे. कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलरच्या छायेतून निघून 1934 साली मुंबईला आले, पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं खातं सांभाळलं, 1946 मध्ये निघून गेले. लगेच पुढच्या वर्षी फाळणी झाली आणि रुळांपलीकडच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन पडले. 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिकडून रात्री कधी भगत, म्हणजे त्यांचा गाण्या-नाचाचा खेळ, ऐकू यायचा. पायात घुंगरू, टिपेचा आवाज, आणि मध्येच सगळी माणसं एकदम गाऊ लागायची. शब्द मला आजही कळत नाहीत, पण तसा आवाज कुठेही लागला की मी अंथरुणात उठून बसल्यासारखा होतो. पहाटे मात्र तिकडच्या बराकींतही तीच धून लागायची. रूळ मध्ये होते, खरखर दोन्हीकडे सारखीच.

काउफमन 1984 साली अमेरिकेत वारले. आमचा मर्फी तेव्हा चालू होता.