रद्दीत गेलेला परवाना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी डीटीपीचा, म्हणजे संगणकावर अक्षरे जुळवून मजकूर छपाईसाठी तयार करून देण्याचा, धंदा बहुधा एका गाळ्यात आणि जुन्या संगणकावर चालतो. लग्नसराईत पत्रिका, पालचा खंडोबा किंवा मांढरदेवची काळूबाई यांच्या यात्रांच्या सुमारास पत्रके, आणि सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागत असल्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संघ यांचे अहवाल, असे या कामाचे वर्ष असते. आणि त्यातील मिळकत इतकी बेताची असते की नवा संगणक घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला सेकंडहँड संगणक घेणेच परवडते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.०, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षाव्यवस्था, आवश्यक असल्याने ती नसलेली पण बाकी धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे अशा बाजारात येणे ओघानेच आले.

असे यंत्र वर्षभरात मंदावते आणि मग कोणीतरी सफाईचे सॉफ्टवेअर टाकून घेण्याचा सल्ला देतो. ते एका कळीसरशी हजारभर ‘दोष’ सापडल्याचे लाल अक्षरांत दाखवते आणि ते दूर करण्याची परवानगी मागते. या दोषांपैकी बहुतेक रजिस्ट्रीतील असतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मध्यवर्ती नोंदवही: पूर्वी प्रत्येक प्रोग्राम आपल्या आवडीनिवडी वेगळ्या लहान फाइलींत ठेवत असे, त्या विखुरलेल्या नोंदी विंडोज ९५ पासून सर्रास एका ठिकाणी ठेवल्या जाऊ लागल्या. एखादी नोंद ज्या फाइलीकडे बोट दाखवते ती फाइल जागेवर नसेल, किंवा एखादी नोंद कोणत्याच ओळखीच्या प्रोग्रामशी जुळत नसेल, तर सफाईचे सॉफ्टवेअर तिला निरुपयोगी ठरवते. येथे पुरावा उपयोग नसल्याचा नसतो, तर उपयोग न दिसल्याचा असतो. लाखांच्या घरात जाणाऱ्या नोंदींतून अशा हजारभर काढल्याने यंत्राचा वेग जाणवण्याइतका वाढत नाही, आणि अशा सफाईच्या साधनांच्या वापराला आपण पाठिंबा देत नाही असे मायक्रोसॉफ्टनेही आपल्या अधिकृत धोरणात सांगून ठेवले आहे. त्यातच २०१७ साली सीसीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या सॉफ्टवेअरच्या एका अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी घातक कार्यक्रम दडवल्याचे उघड झाले आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांपर्यंत ती आवृत्ती पोहोचली होती. तेव्हा झाडू देणाऱ्याच्या हाताचीही खातरी करून घ्यावी लागते.

परवान्याचा घोटाळा होतो तो याच ठिकाणी. परवानाधारक प्रोग्राम, म्हणजे पैसे भरून आणि कंपनीकडे नोंदणी करून घेतलेला प्रोग्राम, आपल्या खरेदीचा पुरावा संगणकात कोठेतरी लिहून ठेवतो. आणि तो पुरावा कोणी उचलून दुसऱ्या यंत्रावर नेऊ नये म्हणून मुद्दाम निरर्थक वाटतील अशा नावांच्या नोंदींत, लपवलेल्या फाइलींत, कधी ज्याच्याशी त्याचा वरवर काही संबंध नाही अशा फोल्डरांत ठेवतो. बनवणाऱ्याचा हेतूच असा असतो की पाहणाऱ्याला ती नोंद रद्दी वाटावी. पुढे रद्दी शोधायला नेमलेले सॉफ्टवेअर तिला रद्दी समजून फेकते, तेव्हा दोन्ही प्रोग्राम आपापल्या तर्काने अगदी बरोबर वागलेले असतात. नुकसान मात्र त्या दोघांपैकी कोणाचेच होत नाही. माळा आवरताना पिवळी पडलेली कागदांची चळत म्हणून जुना फेरफार उतारा रद्दीवाल्याला जावा आणि वाटणीच्या वेळी तो आठवावा, तसे हे होते. फरक एवढाच की फेरफाराची नक्कल तलाठी कार्यालयातून काढता येते, आणि प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने जुन्या आवृत्तीची नोंदणीच बंद केली असेल तर येथे दाद मागायला कार्यालयही उरत नाही. अॅडोबीने २०१२-१३ च्या सुमारास आपल्या सीएस२ या जुन्या संचाची नोंदणी करणारे सर्व्हर बंद केले, तेव्हा परवानाधारकांसाठी नोंदणीची गरज नसलेल्या प्रती तरी उपलब्ध करून दिल्या होत्या. सगळ्याच कंपन्या तेवढे करतात असे नाही.

सेकंडहँड यंत्रात या घोटाळ्याला आणखी वाटा फुटतात. परवाना अनेकदा हार्डडिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता अशा खुणांवरून यंत्र ओळखतो, आणि जुन्या यंत्रात हे भाग बदलले जाण्याचा संभव जास्त. मदरबोर्डवर एक नाण्यासारखी बॅटरी असते, तिच्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते आणि त्यातील आकडे तिचे माप सांगतात: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. कंपनीतून निघून गोदामात पडून राहिलेल्या यंत्रात ती पुष्कळदा संपलेली असते; मग वीज गेली की तारीख काही वर्षे मागे जाते, आणि मुदत चुकवण्यासाठी कोणी मुद्दाम घड्याळ मागे नेले आहे असा संशय घेऊन परवाना तपासणारा भाग प्रोग्रामला चालूच होऊ देत नाही. सफाईच्या सॉफ्टवेअरने काहीच केलेले नसताना त्याच्यावर आळ येतो तो अशा वेळी. दुरुस्ती करणाऱ्याने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारखेकडे आधी पाहावे, हे सांगण्याइतके साधे आहे, आणि म्हणूनच ते राहून जाते.

एखादा हिशेबाचा किंवा चित्रांचा प्रोग्राम बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा आणता येतो. मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचे तसे नाही, आणि या विषयाचे खरे गांभीर्य तेथे आहे. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था. देवनागरीला त्यात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच जागा होती, पण छपाईच्या धंद्यात पेजमेकर आणि कोरल ड्रॉ यांसारखे जे प्रोग्राम रुळले होते त्यांच्या तत्कालीन आवृत्त्यांना ती उमगत नव्हती. त्यामुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशा सॉफ्टवेअरनी वेगळी वाट काढली: इंग्रजीसाठी राखलेल्या २५६ जागांवरच देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, रफार आणि अर्धी अक्षरे, बसवली. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांची एक असंबद्ध माळ होती आणि विशिष्ट फाँटचा चष्मा लावला तरच ती मराठी दिसत असे. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर पुष्कळ काळ हार्डवेअर लॉकसह विकली गेली. हे लॉक, ज्याला डोंगलही म्हणतात, आधी प्रिंटरच्या पोर्टला आणि नंतर यूएसबीला लावायचे लहानसे उपकरण असे. ते लावल्याखेरीज प्रोग्राम उघडत नसे, आणि त्याची ओळख पटवणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातील दुभाषा, गेला तर लॉक हातात असूनही नसल्यासारखे. सफाईच्या काही सॉफ्टवेअरमध्ये त्या क्षणी न जोडलेल्या उपकरणांच्या नोंदी काढण्याची सोय असते. लॉक चोरीला जाऊ नये म्हणून ते खणात ठेवून सफाई केली, तर नेमकी तीच नोंद जाऊ शकते.

प्रोग्राम उघडेनासा झाला तरी फाँट शाबूत असले तर जुना मजकूर पडद्यावर दिसतो, पण त्यात नेहमीच्या कीबोर्डाने एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. वैतागून कोणी संगणकाला फॉरमॅट मारला, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकली, की फाँटही जातात आणि कारखान्याच्या पंधरा वर्षांच्या अहवालांतून रोमन चिन्हांचा खच पडतो. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली होती. त्या छपाईची प्रत आजही देवनागरी येणाऱ्या कोणालाही वाचता येते, आणि त्याच मिरजेत २००५ साली जुळवलेली स्मरणिका संगणकावर वाचायला मात्र तिचा फाँट लागतो. ही तुलना जरा अन्यायाची आहे, कारण छापील स्मरणिका कपाटात असतेच. पण तिची पुढची आवृत्ती काढायची, तिच्यातील नाव शोधायचे किंवा तिचा लेख दुसरीकडे घ्यायचा, तर फाइलीशिवाय गत्यंतर नसते.

परवाना तुटल्यावर दुकानदारापुढे दोन वाटा असतात आणि त्यातील सोपी कोणती हे सर्वांना ठाऊक आहे. क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणीच काढून टाकलेली चोरटी प्रत, ही सफाईने बिघडत नाही, घड्याळ मागे गेले तरी कुरकुरत नाही, हार्डडिस्क बदलली तरी रुसत नाही. पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला ही सगळी दुखणी आणि न भरणाऱ्याचे काम बिनबोभाट चालू, अशी व्यवस्था ज्यांनी उभारली त्यांनी ग्राहकाच्या नीतिमत्तेविषयी फार बोलू नये. तरीही क्रॅक ही वाट नव्हे, आणि ती केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. अशा प्रतीसोबत आणखी काय येते हे पाहण्याचे साधन दुकानदाराजवळ नसते. कायद्यापुरते सांगायचे तर प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे, पण त्याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला नाश किंवा हानी यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. ही मुभा फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ साली तयार पॅकबंद सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने वस्तूच आहे असे ठरवले. म्हणजे कर घेताना ती वस्तू असते, आणि बिघडल्यावर कंपनीकडे गेले की केवळ वापरण्याची परवानगी.

दुरुस्तीचा पहिला नियम थांबण्याचा आहे. पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून घोषित होते, आणि त्यानंतर केलेले प्रत्येक नवे काम त्या जागेवर चढण्याची शक्यता असते. म्हणून प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये. बरीचशी सफाईची सॉफ्टवेअर काढलेल्या नोंदींची प्रत ठेवण्याविषयी आधी विचारतात आणि उत्तर होकारार्थी दिलेले असेल, तर ती प्रत सापडताच दोन क्लिकांत नोंदी परत बसतात. ती नसेल तर सिस्टीम रीस्टोअर, म्हणजे विंडोजने मागील एखाद्या दिवशी आपल्या स्थितीची टिपून ठेवलेली नोंद, पाहावी. मात्र ही सोय पुष्कळ यंत्रांत बंदच असते. रजिस्ट्रीची राखीव प्रत ठेवणारे रेगबॅक नावाचे एक फोल्डर विंडोजमध्ये आहे आणि जुने कारागीर अजून तेथे जाऊन पाहतात, पण विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून तेथे आपोआप प्रत ठेवणे थांबले असल्याने फाइलींची नावे दिसतात आणि आकार शून्य असतो. यांतले काहीच साधले नाही, तर खरेदीची पावती आणि अनुक्रमांक घेऊन उत्पादकाशी बोलणे उरते, आणि त्या वेळी कळते की दुकानात जपून ठेवण्यासारखी वस्तू लॉकइतकीच ती पावतीही होती.

यंत्र मंद का झाले होते हा मूळ प्रश्न या धावपळीत मागे पडतो. सेकंडहँड संगणकात त्याचे उत्तर बहुतेक वेळा रजिस्ट्रीत नसून फिरत्या तबकडीच्या थकलेल्या हार्डडिस्कमध्ये, अपुऱ्या रॅममध्ये किंवा धुळीने चोंदलेल्या पंख्यात असते. सांगलीच्या हळदीच्या पेठेजवळ ही धूळ पिवळसर असते इतकेच. अनुभवी कारागीर रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी कडेवरून शाळकरी खोडरबर हलकेच फिरवतो, कण फुंकून टाकतो आणि खटका बसेपर्यंत पट्टी परत दाबतो; हीच काय ती त्या संगणकाला लागणारी सफाई, आणि तिच्यात काय काढले हे डोळ्यांना दिसते. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, बसवली तर तेच यंत्र आणखी काही वर्षे निमूट काम करते, फक्त डिस्क बदलण्यापूर्वी परवाना रीतसर सोडवून घ्यावा लागतो.

फाइली युनिकोडमध्ये आणणे हा यावरचा टिकाऊ उपाय आहे आणि तोही वाटतो तितका सरळ नाही. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात, म्हणून ‘मिरज’ या शब्दात वेलांटी आधी आणि म नंतर; युनिकोडमध्ये म आधी आणि वेलांटी नंतर. ‘कर्मवीर’ मध्ये जुना रफार म च्या पुढे बसलेला असतो, तर युनिकोडमध्ये अर्धा र म च्या आधी लागतो. रूपांतर करणारा प्रोग्राम ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरात किंवा आकड्यांत तो चुकू शकतो, आणि अहवालातील ताळेबंदाचा आकडा चुकणे वेलांटी चुकण्यापेक्षा महाग पडते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि २०२१ च्या जुलैत शहरात पुन्हा पाणी शिरले. पाण्यात गेलेल्या संगणकाबरोबर त्यातील परवाना, फाँट आणि फाइली एकाच वेळी जातात. म्हणून या दोन जिल्ह्यांतील पतसंस्था, कारखाने, वाचनालये आणि शाळा यांनी आपल्या डीटीपीवाल्याकडे पडून असलेल्या जुन्या फाइली त्याचे लॉक अजून उघडते आहे तोवर मागून घ्याव्यात, त्या युनिकोडमध्ये करून घेऊन छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहाव्यात, आणि या कामाची मजुरी त्याला रोख द्यावी.